दारू सोडवणारी गोळी खरंच असते का?



व्यसनमुक्तीचा पाठ आपण सगळेच शिकवतो. फळ्यावर यकृताचं चित्र काढतो, घोषवाक्यं लिहून घेतो, प्रभातफेरी काढतो. मुलांनी दारूकडे वळू नये म्हणून हे सगळं चांगलंच आहे. पण वर्गातल्या ज्या मुलाच्या घरात दारू आधीच येऊन बसली आहे, त्याला या पाठाचा काय उपयोग? दारू वाईट असते हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याचा आणि त्याच्या आईचा प्रश्न वेगळा असतो : "ही सुटते कशी? यावर औषध आहे का?"

या प्रश्नाला गावात दोन प्रकारची उत्तरं मिळतात. एक म्हणजे, "औषध-बिषध काही नसतं हो, मनात आणलं की सुटते." दुसरं भिंतीवरच्या जाहिरातीतलं, "सात दिवसांत दारू बंद, शंभर टक्के खात्री." दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. दारूच्या व्यसनावर तपासून पाहिलेली औषधं आहेत. ती जादू करत नाहीत, पण उपयोगी पडतात. किती उपयोगी पडतात आणि कशामुळे, हे आज आपण नीट समजून घेऊ.

आधी व्यसन म्हणजे काय ते पाहू

देशी असो, विदेशी असो की ताडी, नशा आणणारा पदार्थ एकच असतो, इथेनॉल. तो मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देतो आणि उत्तेजित करणाऱ्या यंत्रणेला दाबतो. माणूस रोज पीत राहिला की मेंदू या दाबाची सवय करून घेतो. शांत करणारी यंत्रणा सुस्तावते आणि उत्तेजित करणारी जास्त जोरात चालू लागते. समजा, एखादं दार रोज कोणीतरी बाहेरून ढकलतंय म्हणून आपण आतून पूर्ण ताकदीने रेटून धरलंय. बाहेरचा माणूस अचानक बाजूला झाला तर काय होईल? आपण तोंडावर पडू. रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली की त्याच्या मेंदूचं असंच होतं.

शिवाय दारूने मिळणारं सुख मेंदू पक्कं लक्षात ठेवतो. तो गुत्ता, ते मित्र, संध्याकाळची ती वेळ, पगाराचा दिवस, यातलं काहीही समोर आलं की तलफ येते. म्हणून "मनात आणलं की सुटते" हे अर्धसत्य आहे. मनात आणावं लागतंच, पण ज्या मेंदूने मनात आणायचं, तोच बदललेला असतो.

पहिला टप्पा : दारू थांबवताना

औषधांचे दोन टप्पे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला टप्पा दारू थांबवतानाच्या पहिल्या काही दिवसांचा.

वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केलं, तर शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरायला लागतात, घाम येतो, झोप उडते, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भास होतात, नसलेली माणसं दिसतात, दिवस-रात्रीचं भान राहत नाही. ही अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणून "घरात कोंडून ठेवा, चार दिवसांत उतरेल" हा सल्ला कोणी दिला तर तो आपण थांबवला पाहिजे.

या काळात डॉक्टर शांत करणारी औषधं देतात. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम ही त्यांची नावं. काही दिवसांत त्यांचा डोस कमी करत नेऊन ती बंद करतात. सोबत थायमिन, म्हणजे 'ब-१' जीवनसत्त्व देतात. सतत पिणाऱ्याच्या शरीरात त्याची कमतरता होते आणि त्यामुळे मेंदूला कायमची इजा होऊ शकते. या टप्प्यातल्या औषधांच्या उपयोगाबद्दल वैद्यकशास्त्रात वाद नाही. पण ती फक्त दारू सुरक्षितपणे उतरवतात. ती पुन्हा सुरू होऊ नये, हे काम त्यांचं नाही. ॲडमिट करून घरी आणलं आणि महिन्याभरात पुन्हा सुरू झालं, असं अनेक घरांत घडतं, कारण दुसरा टप्पा झालेलाच नसतो.

दुसरा टप्पा : पुन्हा सुरू होऊ नये म्हणून

या टप्प्यात मुख्य औषधं तीन. तिघांचं काम अगदी वेगळं आहे.

*डायसल्फिराम.* हे सगळ्यात जुनं. मुळात हे रसायन रबर उद्योगात वापरलं जायचं. तिथल्या कामगारांना दारू सोसत नाही, असं एका अमेरिकन कारखान्याच्या डॉक्टरने १९३७ साली नोंदवून ठेवलं होतं. पुढे डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोन संशोधक जंतांवरचं औषध म्हणून ते तपासत होते. त्यांनी गोळ्या स्वतःच घेऊन पाहिल्या आणि नंतर दारू पिताच चेहरा लाल झाला, छाती धडधडू लागली. १९४८ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

हे घडतं कसं? शरीरात दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य होतं आणि मग एक एन्झाइम त्याचं निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करतं. डायसल्फिराम त्या एन्झाइमलाच कुलूप लावतं. मग थोडी जरी दारू पोटात गेली तरी विषारी द्रव्य साठतं. चेहरा तापतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. थोडक्यात, ही गोळी तलफ कमी करत नाही. "आज प्यायलो तर त्रास होणार" ही जाणीव माणसाला थांबवते.

*नाल्ट्रेक्सोन.* दारू प्यायल्यावर मेंदूत एंडॉर्फिन नावाची सुख देणारी द्रव्यं बाहेर पडतात. नाल्ट्रेक्सोन ती द्रव्यं जिथे जाऊन बसतात ती जागाच अडवतं. त्यामुळे प्यायलं तरी पहिल्यासारखी मजा येत नाही, एका पेल्यावरून पाचव्या पेल्यावर जाणं कमी होतं आणि हळूहळू तलफही मंदावते. सहसा दिवसाला ५० मिलिग्रॅमची एक गोळी असते. अफूच्या वर्गातली वेदनाशामकं किंवा नशेचे पदार्थ घेणाऱ्याला हे देता येत नाही आणि यकृताची तपासणी करावी लागते.

*अकॅम्प्रोसेट.* हे उत्तेजित झालेल्या मेंदूला पुन्हा तोल सावरायला मदत करतं, असं मानलं जातं. दारू सोडल्यानंतर आठवडेच्या आठवडे राहणारी बेचैनी आणि अस्वस्थ झोप याने कमी होऊ शकते. दारू आधीच थांबवलेल्या माणसाला याचा फायदा जास्त. याचा भार यकृतावर पडत नाही, पण ते किडनीवाटे बाहेर जातं, म्हणून किडनी तपासतात. अडचण अशी की दिवसातून तीन वेळा दोन-दोन गोळ्या घ्याव्या लागतात. साधी मुलं सर्दीचं औषध तीन वेळा घेत नाहीत, मोठ्या माणसांचं काय सांगावं!

याशिवाय बॅक्लोफेन आणि टोपिरामेट ही औषधंही तज्ज्ञ वापरतात. यकृत खराब झालेल्यांसाठी बॅक्लोफेनचा विचार होतो. इटलीत सिरॉसिस झालेल्या ८४ रुग्णांवरचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात बॅक्लोफेन घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के दारूपासून दूर राहिले, तर बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपैकी २९ टक्के. पुढच्या सगळ्या अभ्यासांत मात्र इतका फरक दिसलेला नाही.

उपयोग किती? जरा गणित करू

आता मुख्य मुद्दा. औषधाचा उपयोग मोजायचा तर दोन गट करतात. एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती, हे ना रुग्णाला माहीत असतं ना डॉक्टरला. कारण नुसतं "आपल्यावर उपचार चाललेत" या भावनेनेही माणूस सुधारतो. खऱ्या गोळीमुळे त्याच्या वर किती फरक पडला, तो खरा उपयोग.

नाल्ट्रेक्सोनची गोष्ट इथे शिकण्यासारखी आहे. १९९२ साली अमेरिकेत ७० माजी सैनिकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांत खरी गोळी घेणाऱ्यांपैकी २३ टक्के पुन्हा व्यसनात घसरले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ५४ टक्के होतं. सगळ्यांना आशा वाटली. १९९४ मध्ये अमेरिकेत या औषधाला दारूच्या व्यसनासाठी मान्यता मिळाली. पुढे मोठे अभ्यास झाले आणि फायदा टिकला, पण आकार लहान झाला. २००६ साली १,३८३ लोकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नाल्ट्रेक्सोनचा फायदा दिसला, पण अकॅम्प्रोसेटचा वेगळा असा दिसला नाही. युरोपातल्या अनेक अभ्यासांत मात्र अकॅम्प्रोसेट उपयोगी ठरलं होतं. म्हणून एकाच अभ्यासावर विसंबून चालत नाही. सगळे एकत्र तोलावे लागतात.

तसा ताळेबंद २०२३ साली अमेरिकेत मांडला गेला. ११८ अभ्यास आणि जवळपास २१ हजार लोक. निष्कर्ष असा : अकॅम्प्रोसेट ११ जणांना दिलं तर त्यातला एक जण केवळ औषधामुळे पुन्हा पिण्यापासून वाचतो. नाल्ट्रेक्सोनच्या गोळ्यांच्या बाबतीत हा आकडा १८ आहे, पण बेसुमार पिण्याकडे परत जाणं रोखण्यासाठी तो ११ आहे.

"अकरामागे एक? मग उपयोग काय?" असं पटकन वाटेल. इथेच गणित नीट समजायला हवं. याचा अर्थ बाकीचे दहा बुडाले असा नाही. समजण्यासाठी मनाने आकडे घेऊ. दोन वर्गखोल्या आहेत, प्रत्येकीत २२ माणसं. बिनऔषधाच्या खोलीत ४ जण दारूपासून दूर राहिले. औषधाच्या खोलीत ६ राहिले. म्हणजे २२ मागे २ जास्त, अर्थात ११ मागे १. ते चार जण समुपदेशन, घरचा आधार आणि स्वतःची जिद्द यांवर राहिले, वरचे दोन औषधामुळे. शिवाय जे पूर्ण थांबले नाहीत त्यांच्यातही काहींचं पिणं कमी होतं आणि त्याने घरातली भांडणं, अपघात, दवाखाने कमी होतात. सहाच्या सहा घरांतली मुलं आपल्या वर्गात बसतात, हे लक्षात घेतलं की आकडा लहान वाटत नाही.

डायसल्फिरामचं कोडं आणि मुंबईचा अनुभव

डायसल्फिराम या पद्धतीने तपासलं तर फारसा फरक दिसत नाही. १९८६ साली अमेरिकेतल्या ६०५ माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पूर्ण दारूबंद राहण्याचं प्रमाण औषधाने वाढलं नाही. मग औषध निकामी म्हणायचं का? विचार करा, हे औषध चालतं त्रासाच्या जाणिवेवर. "तुझ्या गोळीत कदाचित औषध असेल" असं दोन्ही गटांना सांगितलं की धास्ती दोन्हीकडे सारखीच! त्यामुळे ही कसोटी या औषधाला लागूच पडत नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांनी गोळी नियमित घेतली ते जास्त टिकले, पण नियमित घेणारे थोडेच होते.

आता आपल्या मुंबईकडे या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०० पुरुषांना वर्षभर डायसल्फिराम किंवा नाल्ट्रेक्सोन दिलं गेलं. कोणाला काय दिलंय हे सगळ्यांना माहीत होतं. वर्षअखेरीस डायसल्फिरामच्या गटात ८६ टक्के दारूपासून दूर होते, नाल्ट्रेक्सोनच्या गटात ४४ टक्के. तलफ मात्र नाल्ट्रेक्सोनवाल्यांमध्ये कमी होती. इतका मोठा फरक कसा? या सगळ्या पुरुषांच्या घरात गोळी घ्यायला लावणारं, सोबत डॉक्टरकडे येणारं माणूस होतं आणि अशांनाच अभ्यासात घेतलं होतं. म्हणजे ८६ हा आकडा गोळी आणि घर यांचा मिळून आहे. एकट्या राहणाऱ्या, कोणी पाहायला नसलेल्या माणसाला तो लावता येणार नाही.

न कळत देऊ नका

इथे एक गोष्ट ठासून सांगायलाच हवी. "भाजीत मिसळा, चहात टाका, त्यांना कळणारही नाही" असं सांगून पुड्या विकल्या जातात. त्यात नेमकं काय असतं हे घेणाऱ्याला कळत नाही. आणि डायसल्फिराम असलंच, तर धोका मोठा. ते पोटात असताना न सांगता दिलेल्या माणसाने नेहमीसारखी दारू प्यायली तर रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो, हृदयावर ताण येऊन जीवही जाऊ शकतो. घरातल्या बाईचा हेतू कितीही चांगला असला तरी परिणाम तिला आयुष्यभर सोसावा लागेल. शिवाय आपण पाहिलं की हे औषध काम करतं ते जाणिवेमुळे. ज्याला माहीतच नाही तो थांबेल कसा?

डॉक्टरांनी उघडपणे दिलं तरी पथ्यं असतात. शेवटच्या दारूनंतर किमान १२ तास गेल्याशिवाय सुरू करत नाहीत. गोळी बंद केल्यावरही साधारण दोन आठवडे दारूचा त्रास होऊ शकतो. खोकल्याची काही औषधं, होमिओपॅथीचे थेंब यांतही अल्कोहोल असतं. हृदयविकार किंवा यकृताचा गंभीर आजार असेल तर हे औषध देत नाहीत.

गोळी एकटी पुरत नाही, पण गोळीची लाजही नको

औषध तलफ कमी करतं, पण रिकामी संध्याकाळ भरून काढत नाही. त्यासाठी समुपदेशन लागतं, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांसारखा सोबत्यांचा आधार लागतो. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणने माणसाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता उपचार करण्याची वाट महाराष्ट्राला दाखवली. आणि सगळ्यांनाच गोळी लागते असंही नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं पिणं घातक झालं होतं पण अजून पूर्ण व्यसनापर्यंत गेलं नव्हतं, अशा पुरुषांना प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांच्या समुपदेशनाने फायदा झाला.

दुसऱ्या बाजूला, "गोळ्या खाऊन सोडली, त्यात काय मोठं" असा टोमणाही नको. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण असं म्हणतो का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अकॅम्प्रोसेट आणि नाल्ट्रेक्सोन ही दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

खरी अडचण वेगळीच आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २.९ कोटी लोक दारूवर अवलंबून आहेत आणि त्यांच्यापैकी ३८ मागे एकालाच कुठलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं. अकरामागे एक वाचवणारं औषध आहे, पण ३८ मधले ३७ दवाखान्याच्या पायरीपर्यंतच पोचत नाहीत. आपल्याला जे काही करता येईल ते इथेच.

शाळेतून आपण काय करू शकतो?

१. पालक बोलले तर उपदेश न करता पत्ता द्या. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, मान्यताप्राप्त व्यसनमुक्ती केंद्र, टेलि-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हे क्रमांक सूचनाफलकावर लावून ठेवा. विचारायची लाज वाटणाराही वाचून जाईल.

२. औषधाचं नाव सांगून "हे आणून द्या" असं म्हणू नका. कोणतं औषध कोणाला, हे यकृत, किडनी, हृदय आणि चालू असलेली इतर औषधं पाहून डॉक्टरच ठरवतील.

३. गोळी देण्याची जबाबदारी मुलावर टाकू देऊ नका. अनेक घरांत ती मोठ्या मुलीच्या गळ्यात पडते. "आज पप्पांनी गोळी घेतली का?" हा प्रश्न मनात ठेवून ती वर्गात बसते आणि पप्पा पुन्हा प्यायले तर स्वतःला दोष देते. हे काम मोठ्यांचंच.

४. पुन्हा प्यायले म्हणजे सगळं संपलं, असं घरच्यांना वाटू देऊ नका. दीर्घ आजारात असे चढउतार येतात. अशा वेळी औषध किंवा डोस बदलता येतो. लवकर परत डॉक्टरकडे जाणं महत्त्वाचं.

५. वर्गात 'बेवडा', 'दारुड्याचा पोरगा' हे शब्द ऐकू आले तर तिथल्या तिथे थांबवा. आणि त्या मुलाला एकट्यात एवढंच सांगा, "हे तुझ्यामुळे झालेलं नाही. बाबांना आजार आहे आणि त्याच्यावर उपचार असतात." मुलाला घरी मारहाण होत असेल, धोका वाटत असेल तर १०९८ हा क्रमांक आहेच.

पुढच्या वेळी व्यसनमुक्तीचा पाठ घ्याल तेव्हा यकृताच्या चित्राखाली एक ओळ वाढवा : "दारूच्या व्यसनावर दवाखान्यात उपचार मिळतात." वर्गातलं एखादं मूल ती वहीत उतरवून घरी नेईल आणि घरातलं कोणीतरी ती वही उघडून पाहील.